कोरड्या जिल्ह्यातून बिअरच्या राज्यात

माझं माहेर वर्ध्याचं. महाराष्ट्रात कागदोपत्री दारू मिळत नाही अशा मोजक्या जिल्ह्यांपैकी एक. ‘कागदोपत्री’ म्हणताना वर्धेकराच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते बाहेरच्याला कळायला जरा वेळ लागतो. सेवाग्राम आमचं, पवनार आमचं, म्हणून सत्तरच्या दशकात जिल्ह्यात दारूबंदी आली, ती आजही आहे. आणि वर्धा नदी ओलांडली की अमरावती, यवतमाळ. दुसऱ्या अंगाला नागपूर. हद्दीपलीकडचं पहिलं दुकान कुठे आहे, हे आमच्या वर्गातल्या मुलांना पाढ्यांपेक्षा चांगलं पाठ होतं. तरीही बंदी उठवा असं कुणी जाहीर म्हणायचं नाही. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या बायका दुकान बंद व्हावं म्हणून मतदान मागत, उभी बाटली की आडवी बाटली. आडव्या बाटलीचा प्रचार करायला जाणाऱ्या बायकांच्या जीपमध्ये माझी मावशी असायची. घरात दारू हा शब्द हळू आवाजात उच्चारला जाई, जसा एखाद्या आजाराचा उच्चारतात तसा.

अशा घरातली मुलगी नॉर्थ कॅरोलायनात येऊन पडली. रॉलीजवळच्या केरी गावात आम्ही राहतो. इथे शनिवारी दुपारी लोक सहकुटुंब ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या भट्टीत जातात. पत्र्याचं गोदाम, वर सरकणारी मोठाली दारं, मागे स्टीलच्या उंच टाक्या, पुढे लाकडी बाकं. बाबागाड्या, कुत्री, आज्या, कॉर्नहोलच्या पाट्यांवर वाळूच्या पिशव्या फेकणारी पोरं. स्वयंपाकघर नसतंच, बाहेर ट्रक उभा असतो, त्यात कुणी टाको विकतं, कुणी मोमो. आमच्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलीचा पाचवा वाढदिवस अशाच ठिकाणी झाला. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘दारूच्या अड्ड्यावर लेकराचा वाढदिवस? काहून वं?’’

आईचा प्रश्न बिनतोड होता. आणि त्याचं उत्तर शोधताना मला जे कळत गेलं त्यानं माझा एक समज मोडला. मला वाटायचं अमेरिकन लोकांना बिअर आवडते, तर बिअरच्या भट्ट्या वाढणारच, त्यात विशेष काय! पण नॉर्थ कॅरोलायनाच्या बाबतीत आवडीनिवडीचा भाग पुष्कळ नंतर येतो. इथली बिअर कायद्यातल्या एकेका ओळीनं वाढली. एक ओळ बदलली की दहा भट्ट्या, दुसरी बदलली की शंभर. आणि प्रत्येक ओळीमागे कुणीतरी हट्टी माणूस.

हे राज्य म्हणजे पक्का बायबल बेल्ट, धर्मनिष्ठ दक्षिणेचा पट्टा. बॅप्टिस्ट चर्च जिकडेतिकडे. १९०८च्या मे महिन्यात इथे दारूबंदीवर सार्वमत झालं आणि ६२ टक्के मतदारांनी बंदीच्या बाजूनं कौल दिला. लोकांच्या थेट मतानं बंदी आणणारं दक्षिणेतलं हे पहिलं राज्य. १ जानेवारी १९०९ला बंदी लागू झाली, म्हणजे सगळ्या अमेरिकेत ती येण्याच्या अकरा वर्षं आधी. आडव्या बाटलीचं हे मतदान वाचताना मला घरच्यासारखं वाटलं. फरक एवढाच की १९०८ साली इथल्या बायकांना मताचा अधिकार नव्हता. दारूविरुद्ध चळवळ त्यांनी केली, मतं पुरुषांनी दिली.

१९३३मध्ये देशाची बंदी उठली तेव्हाही नॉर्थ कॅरोलायनाने उठवण्याच्या विरोधात मत दिलं होतं. देशानं काय वाटेल ते करावं, आम्ही नाही. पुढे तोडगा निघाला तो असा की कडक दारू विकायची तर सरकारनंच विकायची. आजही व्हिस्की, रम, व्होडकाची बाटली इथे मुख्यतः स्थानिक मंडळाच्या एबीसी (अल्कोहोलिक बेव्हरेज कंट्रोल) दुकानात मिळते आणि ती दुकानं रविवारी बंद असतात. बिअर नि वाइन किराणा दुकानात मिळते, पण रविवारी सकाळी चर्चच्या वेळेला नाही, दुपारी बारापासून. २०१७मध्ये ‘ब्रंच बिल’ नावाचा कायदा झाला आणि ज्या गावांनी ठराव केला तिथे बाराचे दहा झाले. दोन तासांसाठी विधिमंडळात एवढी चर्चा झाली, की आपल्याकडे एखाद्या धरणावरही होत नसेल.

आणि बंदीची जी अटळ सावली असते ती इथेही पडलीच. पश्चिमेकडच्या डोंगरांत मक्याची हातभट्टी. चांदण्यात गाळायची म्हणून मूनशाइन. विल्क्स काउंटी तर त्यासाठी बदनाम. पोलिसांच्या गाडीपेक्षा जोरात पळेल अशी गाडी बनवायची, रात्री डोंगरातल्या वळणांवरून माल शहरात पोचवायचा. या पोरांनी पुढे रविवारी धुळीच्या मैदानात शर्यती लावल्या, त्यातून नॅसकार हा मोटारशर्यतींचा खेळ उभा राहिला. ज्युनिअर जॉन्सन हा त्यांचा मोठा तारा. हातभट्टीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला आणि १९८६मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली. आमच्या जिल्ह्यातून नदी ओलांडून रात्री परतणाऱ्या राजदूत मोटारसायकलींतून असा खेळ का जन्मला नाही, असं मनात येऊन गेलं.

तर अशा राज्यात १९८०च्या दशकात युली बेनेविट्झ नावाचा बव्हेरियन गृहस्थ येतो. मूळचा शेती व्यवस्थापक. समुद्रकाठच्या आउटर बँक्समध्ये, मँटिओ गावात, आपल्या मुलखातल्यासारखी छोटी ब्रुअरी काढावी आणि तिथेच गिऱ्हाइकाला ग्लास भरून द्यावा, एवढीच त्याची इच्छा. तेव्हा त्याला कळलं की हे बेकायदा आहे. बिअर बनवणारा वेगळा, वाहून नेणारा वेगळा, विकणारा वेगळा, असे तीन थर बंदीनंतरच्या कायद्यानं आखले होते. बनवणाऱ्यानं थेट पिणाऱ्याला विकायचं नाही. कुणी दुसरा असता तर गाशा गुंडाळून गेला असता. या माणसानं लोकप्रतिनिधींना गाठलं आणि १९८५मध्ये कायदा बदलून घेतला. १९८६मध्ये त्याची ‘वीपिंग रॅडिश’ सुरू झाली. मुळ्याला मीठ लावलं की पाणी सुटतं आणि बव्हेरियात बिअरबरोबर असा रडका मुळा खातात, त्यावरून हे नाव. आज शनिवारी आम्ही ज्या बाकांवर बसतो ती सगळी बाकं त्या दुरुस्तीवर टेकलेली आहेत.

पुढची गोष्ट पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या ॲशव्हिलची, आणि ती मला जास्त जवळची वाटते. ऑस्कर वाँग. आईबाप चिनी, जन्म जमैकाचा, शिक्षण अमेरिकेत, पेशानं स्थापत्य अभियंता. अणुकचऱ्याच्या कामाशी संबंधित आपली कंपनी विकून निवृत्त झालेला हा माणूस १९९४मध्ये ॲशव्हिलच्या एका पिझ्झा-टॅपरूमच्या (नळाची ताजी बिअर मिळणाऱ्या जागेच्या) तळघरात ‘हायलँड ब्रुइंग’ सुरू करतो. टाक्या विकत घ्यायला पैसा कमी, म्हणून दुधाच्या धंद्यातली जुनी भांडी जोडून-जुळवून घेतलेली. आणि बिअरचं नाव? ‘गेलिक एल’. एल हा बिअरचाच एक प्रकार. नाव दोन-अडीचशे वर्षांपूर्वी या डोंगरांत येऊन राहिलेल्या स्कॉटिश-आयरिश लोकांना मान म्हणून. जमैकात जन्मलेला चिनी माणूस अमेरिकेतल्या डोंगरात स्कॉटिश नावाची बिअर करतो आणि अख्खं गाव ती आपली म्हणून पितं. परदेशात राहून आपण गणपती बसवतो तेव्हा आपलं इथे आणत असतो. वाँग यांनी उलट केलं. जिथे आले तिथल्यांचे पूर्वज त्यांनी आपलेसे करून टाकले. मी आजवर हे कुठल्याही स्थलांतरिताला इतक्या सहज करताना पाहिलेलं नाही. त्यांची मुलगी लिया वाँग ॲशबर्न पुढे कंपनीची प्रमुख झाली. पूर्वी जिथे सिनेमांचं चित्रीकरण व्हायचं अशा जागेत आता हायलँडचा कारखाना आहे.

तरीही २००५पर्यंत एक मोठी अडचण होतीच. बिअरमध्ये अल्कोहोल सहा टक्क्यांच्या वर असता कामा नये, असा बंदीनंतरच्या काळातला नियम. वाइनला मात्र त्याच्या दुपटीहून जास्त परवानगी. बेल्जियमच्या मठांत शेकडो वर्षं बनणाऱ्या बिअर, इंग्लंडची बार्ली वाइन (नावाला वाइन, पण बिअरच), दाट काळे इंपिरियल स्टाउट हे सगळं नॉर्थ कॅरोलायनात बेकायदा. जिथे कडक व्हिस्की सरकार स्वतः विकतं, तिथे सात टक्क्यांची बिअर गुन्हा!

शॉन लिली विल्सन या डरममधल्या तरुणानं आणि त्याच्यासारख्या काही बिअरवेड्यांनी २००३च्या सुमारास ‘पॉप द कॅप’ ही मोहीम काढली. पैसे गोळा केले, रीतसर लॉबिइस्ट नेमला, आमदारांच्या कार्यालयांचे उंबरे झिजवले. ख्रिश्चन ॲक्शन लीग या चर्चवाल्यांच्या संघटनेचा विरोध होता. मुलं लवकर झिंगतील, अपघात वाढतील, हा त्यांचा मुद्दा. मोहिमेचा प्रतिवाद असा की महागडी, जड, कडवट बिअर झिंगायला कोण पिणार. झिंगायचं असेल त्याला स्वस्त आणि पातळ मालाचे डबे दुकानात पडलेच आहेत. दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचताना मी मनातल्या मनात कुठे उभी होते, तर खरं सांगायचं म्हणजे मावशीच्या जीपमध्ये. पण आकडे मोहिमेच्या बाजूचे होते आणि शेजारच्या राज्यांत जाणारा पैसाही आमदारांना दिसत होता. ऑगस्ट २००५मध्ये गव्हर्नर माइक ईझली यांनी सही केली. सहाचे पंधरा झाले.

त्यानंतर जे झालं त्याला उधाण हा एकच शब्द. ब्रुअरी उघडायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी या राज्यात आधीपासून पडून होत्या. तंबाखूचा धंदा बसला होता, कापडगिरण्या मेक्सिकोकडे आणि चीनकडे गेल्या होत्या. गावोगाव विटांच्या भक्कम इमारती रिकाम्या. भाडं कमी, छत उंच, जमीन टाक्यांचं वजन पेलणारी. सोबत विद्यापीठं, संशोधन संस्था, बाहेरून आलेले पगारदार लोक. आज राज्यात तीनशेहून अधिक ब्रुअरी आहेत. ॲशव्हिलच्या आसपासच्या डोंगरांत त्यांची दाटी इतकी, की लाखाच्या आत वस्ती असलेलं हे गाव २००९ ते २०१२ या चार वर्षांत ‘बिअर सिटी यूएसए’च्या ऑनलाइन मतदानात दरवेळी पहिलं आलं, कधी एकटं, कधी दुसऱ्या शहराशी बरोबरी करून.

मोहीम चालवणाऱ्या विल्सननं २०१०मध्ये डरमला स्वतःची ‘फुलस्टीम’ काढली. शीतपेयांच्या बाटल्या भरण्याच्या जुन्या कारखान्यात. त्याचा हट्ट असा की दक्षिणेची बिअर दक्षिणेच्या मातीतून यावी. शरद ऋतूत, पहिलं दव गोठायच्या सुमारास इथल्या रानात देशी पर्सिमन पिकतात, लिंबाएवढी केशरी फळं, कच्ची खाल्ली तर जीभ आखडते. लोकांनी आपल्या परसातली, रानातली फळं आणून द्यावीत, ती ब्रुअरी विकत घेईल. त्यातून ‘फर्स्ट फ्रॉस्ट’ नावाची हिवाळी बिअर. शिवाय रताळ्याची लागर, हाही बिअरचा एक प्रकार. या राज्यात अमेरिकेतली सर्वात जास्त रताळी पिकतात, म्हणून. आणि नाव ‘कार्व्हर’, कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्यावरून. ती पहिल्यांदा प्याले तेव्हा नवऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, ‘‘रताळं आहे, म्हणजे एकादशीला चालेल ना?’’ चवीला ती तशी साधीच. रताळं जिभेवर कुठे सापडत नाही. पण एखाद्या धंद्यानं शेतकऱ्याच्या मालाकडे असं बघावं, हे मला बिअरपेक्षा आवडलं.

याच सुमारास ॲशव्हिलमध्ये ‘रिव्हरबेंड मॉल्ट हाउस’ सुरू झालं. तोवर इथल्या भट्ट्यांचं माल्ट दूरच्या उत्तर-पश्चिमेच्या राज्यांतून आणि कॅनडातून यायचं. बिअर स्थानिक म्हणायची आणि धान्य हजारो मैलांवरचं, हा विनोदच होता. माल्ट म्हणजे काही गूढ नाही. बाळाला द्यायला आजी नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून सत्त्व करते, तोच प्रकार बार्लीवर. दाणा भिजवला की तो उगवायच्या तयारीला लागतो, साठवलेल्या पिठाची साखर करायला लागणारे पाचक रस त्याच्यात तयार होतात; तेवढ्यात उष्णता देऊन त्याला थांबवायचं. मग ब्रुअरीत ते भरडून ऊन पाण्यात मुरवलं की त्या रसांच्या जोरावर पिठाची साखर होते. पाणी गाळून उकळायचं, कडूपणासाठी हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकायची, गार करून यीस्ट सोडायचं. रिव्हरबेंडनं सुरुवातीला हे जुन्या रीतीनं केलं: फरशीवर बार्ली पसरायची आणि फावड्यानं उलटत राहायची. धान्य आसपासच्या शेतकऱ्यांचं. तंबाखूचा सरकारी कोटा २००४च्या कायद्यानं संपला होता आणि त्यातले कित्येक जण दुसऱ्या पिकाच्या शोधात होतेच. सगळ्यांचं भलं झालं असा दावा करणार नाही. तंबाखूचा पैसा बार्लीत नाही. पण कुणाला तरी हिवाळ्यात पेरायला एक पीक मिळालं.

मग मोठे आले. कॅलिफोर्नियाच्या चिको गावची ‘सिएरा नेव्हाडा’ आणि कोलोरॅडोच्या फोर्ट कॉलिन्सची ‘न्यू बेल्जियम’, दोघांनीही २०१२मध्ये जाहीर केलं की पूर्व किनाऱ्याचा कारखाना ॲशव्हिलच्या परिसरात होणार. हिशेब सोपा. बिअर म्हणजे नव्वद टक्क्यांच्या वर पाणी. ते ट्रकमध्ये भरून अख्खा खंड ओलांडून न्यायचं कशाला? आणि ॲशव्हिलचं पाणी नावाजलेलं, डोंगरातल्या राखीव जंगलातून येणारं, मऊ, क्षार नसल्यासारखं. ब्रुअरला असं पाणी म्हणजे कोरी पाटी: पिल्सनर करायची तर तसंच घ्या, इंग्लिश एल करायची तर हवे ते क्षार घाला. मिल्स रिव्हरची सिएरा नेव्हाडा पाहायला आम्ही गेलो होतो. तांब्याच्या प्रचंड किटल्या, दगडी भिंती, कोरलेली दारं, मागे बाग. नवरा भारावला. मला ते जरा जास्तच वाटलं. एखाद्या संस्थानिकानं कारखान्याचा वाडा बांधावा तसं. तळघरातलं दूधवाल्यांचं भांडं माझ्या मनात जास्त राहिलं होतं.

मधल्या काळात कायद्याची पुढची लढाई शार्लटमध्ये सुरू झाली. ती कंटाळवाणी वाटेल, पण धंद्याचा जीव तिच्यातच आहे. छोट्या ब्रुअरीला आपला माल स्वतः दुकानांत पोचवायची मुभा होती, पण वर्षाला २५,००० बॅरलपर्यंतच. अमेरिकन बॅरल सुमारे ११७ लिटरचा, म्हणजे साधारण २९ लाख लिटर. त्याच्या पुढे एक बॅरल गेला की सगळं वितरण घाऊक वितरकाच्या हाती द्यायचं. आणि वितरकाशी एकदा करार झाला की तो मोडणं कायद्यानंच जवळपास अशक्य करून ठेवलेलं. ज्यानं स्वतःची माणसं, ट्रक, गिऱ्हाइकं उभी केली त्यानं वाढल्याची शिक्षा म्हणून ती सोडून द्यायची. ‘ओल्ड मेक्लेनबर्ग’ आणि ‘नोडा’ या शार्लटच्या दोन ब्रुअरी त्या आकड्याच्या जवळ आल्या होत्या. नोडाच्या ‘हॉप ड्रॉप अँड रोल’ला तर २०१४च्या वर्ल्ड बिअर कपमध्ये अमेरिकन आयपीए या कडवट बिअरच्या गटात सुवर्णपदक मिळालेलं, आणि त्या गटात सगळ्यात जास्त गर्दी असते. २०१७मध्ये मर्यादा वाढवायचं विधेयक आलं, वितरकांच्या दबावापुढे त्यातलं ते कलमच गळलं. तेव्हा या दोघी राज्याविरुद्ध कोर्टात गेल्या. शेवटी २०१९मध्ये तडजोड झाली, गव्हर्नर रॉय कूपर यांनी सही केली आणि २५,०००चे ५०,००० झाले.

त्याच २०१७च्या मे महिन्यात ॲशव्हिलला एक धक्का बसला होता. तिथली लाडकी ‘विकेड वीड’, आंबट आणि जंगली यीस्टच्या बिअरसाठी प्रसिद्ध, बडवायझरवाल्या अनहॉयझर-बुश इनबेव्हला विकली गेली. लोक संतापले, दुकानदारांनी तिच्या बाटल्या काढून टाकल्या, तिच्या महोत्सवातून इतर ब्रुअरींनी अंग काढून घेतलं. माझी सहानुभूती विकणाऱ्यांनाही होती. पाच वर्षं राबून उभं केलेलं कुणी चांगल्या किमतीला मागितलं तर द्यायचं नाही, हा नियम फक्त बिअरवाल्यांनाच का? पण गावाचा राग खोटा नव्हता. आपल्या गल्लीतलं म्हणून ज्याला जपलं ते आपलं नव्हतंच, असं कळल्यावर माणूस किमतीचा विचार करत नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. लेकरं घेऊन का जातात? केरीसारख्या उपनगरात बसायला जागाच नाही. देवळं आहेत, चर्च आहेत, मॉल आहेत. पण काही न करता, कुणाला न सांगता, तास-दोन तास बसता येईल असं ठिकाण नाही. प्रत्येक घर झाडांमागे, प्रत्येक माणूस गाडीत. ब्रुअरीत एक ग्लास घेऊन बसलं की कुणी उठवत नाही, आणि लिंबूपाणी घेऊन बसलं तरी नाही. आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी कुटुंबं एकमेकांना पहिल्यांदा मंडळाच्या गणपतीत भेटली आणि नीट ओळख झाली ती ब्रुअरीच्या बाकावर. रॉलीत २०१७मध्ये ‘ब्रुअरी भावना’ उघडली तेव्हा नावासाठीच आम्ही धावलो. लाओसहून आलेल्या बहीणभावानं आपल्या मित्राबरोबर काढलेली जागा: एका भिंतीला पुस्तकं, एका कोपऱ्यात फुलवाली, टेबलावर डिमसम आणि हातात बेल्जियन धाटणीची बिअर. माझ्या सासूबाईंनी तिथे वाफाळते बाओ खाल्ले, फुलं घेतली, आणि शेजारच्या टेबलावर काय पितात ते त्यांनी पाहिलंच नाही असं ठरवलं.

पण हे चित्र गोड करायचं नाही. बऱ्याच ब्रुअरींत मान वर करून पाहिलं तर बसलेले बहुतेक चेहरे गोरे असतात. ज्या डरममध्ये तंबाखूच्या कारखान्यांत कृष्णवर्णीय बायकांच्या पिढ्या राबल्या, त्याच इमारतींतून आज जे पितात त्यांत त्यांच्या नाती कमीच दिसतात. ब्रुअरी आली की मागोमाग भाडी वाढतात, आणि आधी राहणाऱ्यांना बोचकी बांधावी लागतात. ॲशव्हिलमध्ये टॅपरूममध्ये ग्लास भरणाऱ्या मुलामुलींना त्याच गावात घर परवडत नाही, हे ती मुलंच सांगतात.

आणि २७ सप्टेंबर २०२४ला हेलीन वादळ आलं. समुद्रापासून शेकडो मैल आत, डोंगरात. फ्रेंच ब्रॉड नदीनं १९१६च्या महापुराची पातळी मागे टाकली. नदीकाठच्या रिव्हर आर्ट्स डिस्ट्रिक्टमधली टॅपरूम, स्टुडिओ, गोदामं पाण्याखाली गेली. न्यू बेल्जियमचं नदीकाठचं टॅपरूम बुडालं, ‘झिलिकोआ’ या छोट्या ब्रुअरीची तर पार वाताहत झाली. पण त्याहून वाईट म्हणजे गावाचं पाणीच गेलं. नॉर्थ फोर्क धरणातून येणाऱ्या जलवाहिन्या वाहून गेल्या, जलाशयात इतका गाळ ढवळला की गाळणीच चालेना. ज्या पाण्याच्या जोरावर खंड ओलांडून कारखाने आले होते ते नळातून यायचं बंद झालं. मग आलं ते गढूळ, फक्त संडासात ओतायच्या लायकीचं. पिण्याजोगं पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला, त्रेपन्न दिवस. शरद ऋतूतली पानगळ बघायला येणारे पर्यटक म्हणजे तिथल्या ब्रुअरींचं वर्षाचं पोट, आणि नेमका तोच हंगाम गेला. ज्यांची इमारत शाबूत होती त्यांच्याकडेही विकायला काही नव्हतं. आम्ही इकडून पाण्याचे कॅन भरून गेलेल्या गाड्यांसाठी पैसे जमवले. बिअरच्या राजधानीला पाणी पाठवायचं, हे बोलताना कुणालाच हसू आलं नाही.

त्या धक्क्यातून काही ब्रुअरी उठल्या, काही नाही. तसंही उधाण ओसरू लागलंच होतं. तरुण पिढी कमी पिते, ॲल्युमिनियमच्या डब्यांपासून धान्यापर्यंत सगळं महागलं, आणि दर चौकात एक ब्रुअरी झाल्यावर प्रत्येकीला बाकं भरायला माणसं कुठून येणार? ज्यांनी फक्त फॅशन म्हणून काढली होती त्या गेल्याचं मला वाईट वाटत नाही. आमच्या जवळची एक बंद झाली तेव्हा मात्र वाटलं. तिथली पोर्टर चांगली होती आणि बुधवारी म्हाताऱ्यांचं बँजोवादन असायचं.

कायद्याची गाडी मात्र थांबलेली नाही. २०२१मध्ये नवा कायदा आला: गावानं ठराव करून काही रस्ते ‘सोशल डिस्ट्रिक्ट’ म्हणून जाहीर केले, तर तिथे हातात बिअरचा कप घेऊन फिरता येईल. कप काचेचा नको, १६ औंसांपेक्षा मोठा नको, त्यावर त्या भागाचं चिन्ह हवं, आणि ‘जबाबदारीनं प्या, २१ पूर्ण असा’ ही सूचना किमान १२ पॉइंटच्या अक्षरांत हवी. अक्षरांचा आकारसुद्धा विधिमंडळानं ठरवून दिला! १९०८च्या त्या ६२ टक्क्यांचं रक्त अजून वाहतं आहे ते इथे. मला त्यात काही चुकीचंही वाटत नाही. दारूबद्दल समाजानं सतत, बारीकसारीक, कंटाळा येईपर्यंत भांडत राहावं. वर्ध्यात आम्ही बंदी घातली आणि बोलणं संपवलं; नदीपलीकडचं दुकान चालूच राहिलं.

तरी एक गोष्ट या सगळ्या ओळींत मला अजून सापडलेली नाही. कपावर किती पॉइंटची अक्षरं असावीत हे ठरलं, किती बॅरल कुणी कुठे न्यावेत हे ठरलं, रविवारी किती वाजता झाकण उघडावं हेही ठरलं. पण आमच्याकडच्या बहुतेक ब्रुअरींपर्यंत बस जात नाही. लोक गाडीनं येतात, पितात आणि गाडीनंच परततात. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०८ आहे आणि शनिवारी संध्याकाळी हायवेवर पोलीस उभे असतात. ख्रिश्चन ॲक्शन लीगचं म्हणणं मला सगळं पटत नाही, पण अपघातांच्या मुद्द्यावर त्यांना अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही. म्हणून आमच्या चार घरांत पाळी लावलेली आहे. ज्याची पाळी त्यानं लिंबूपाणी घ्यायचं आणि सगळ्यांना घरी सोडायचं. येत्या शनिवारी गाडी माझ्याकडे आहे.